कुणापासून? : नवी पेठेतल्या एका बिननावी पॉडकास्टचं प्रकरण

तो पहिल्यांदा आला तेव्हा पाठीवर सॅक होती, हातात जुना सेकंडहँड आयफोन होता आणि विचारायचं एवढंच होतं, "ताई, आवाज बदलून मिळतो का?" झेरॉक्सच्या दुकानात येऊन लॅमिनेशनचं विचारावं, तसा सूर.

मी पुण्यात ध्वनिसंपादनाचं काम करते. जाहिराती, ऑडिओबुकं, कंपन्यांच्या प्रशिक्षणाच्या फिती. पॉडकास्टवाले अधूनमधून येतात, पण त्यांना आपलं नाव जितकं पसरेल तितकं हवं असतं. नाव कुठेच दिसू नये म्हणून आलेला हा पहिलाच. त्याला विचारूनच हे प्रकरण लिहिते आहे. काही तपशील बदलले आहेत. कोणते ते सांगणार नाही, नाहीतर बदलून उपयोग काय?

मुलगा मराठवाड्यातला, तिशीला टेकलेला. राज्यसेवेची तयारी करायला पुण्यात आला त्याला सात वर्षं झाली. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चार कॉट, खाली लोखंडी पेट्या, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. सकाळी मेस, दिवसभर अभ्यासिका, रात्री अकराला तिथले दिवे बंद झाले की खोलीवर. शास्त्री रस्ता आणि अलका चौकाच्या आसपास ज्यांनी चार दिवस काढलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याच्या पॉडकास्टची कल्पना मात्र मला पहिल्याच भागात पटली. पोस्ट निघालेल्यांच्या, म्हणजे निवड होऊन पद मिळालेल्यांच्या, मुलाखती यूट्यूबवर ढिगाने आहेत: किती तास अभ्यास केला, कोणतं पुस्तक किती वेळा वाचलं, आईवडिलांचे आशीर्वाद. हा बोलत होता पोस्ट न निघालेल्यांबद्दल. निकालाची यादी येते, नाव नसतं, त्या संध्याकाळी माणूस नेमकं काय करतो? कुणाला पहिला फोन लावतो? मेसचे पैसे पुढच्या महिन्याचे भरायचे की नाही? खुल्या गटाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, म्हणजे थांबायचं कधी हे लोकसेवा आयोग सांगत नाही, ज्याचं त्याने ठरवायचं. त्या ठरवण्यावर त्याने सलग दोन भाग केले होते. बारा-तेरा मिनिटांचा एकेक भाग, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे बसून, डोक्यावर रजई घेऊन रेकॉर्ड केलेला.

पाच भाग झाले तोवर ऐकणारे शेदोनशे. मग थांबण्याबद्दलचा एक भाग परीक्षार्थींच्या टेलिग्राम ग्रुपांवर फिरला आणि आठवड्यात चित्र पालटलं. लोक विचारू लागले, हा कोण? कोणत्या अभ्यासिकेत बसतो? तेव्हा हा घाबरला आणि माझ्याकडे आला.

चार नावं

मी म्हटलं, "आवाजाचं नंतर बघू. कुणापासून लपायचंय?"

"सगळ्यांपासून."

सगळ्यांपासून लपायचं तर बोलायचंच नाही, हा एकच खात्रीचा उपाय आहे. त्याच्याकडे सरावाची एक उत्तरपत्रिका होती, गोल काळे करायची. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याला नावं लिहायला लावली. पंधरा मिनिटं लागली. रूमवरची पोरं. क्लासचे सर. घर. आणि शेवटी, बराच वेळ पेन चावून, "उद्याचा मी".

रूमवरच्यांचा प्रश्न मी तिथेच खोडला. चार कॉट, मधे वीतभर जागा. हा रोज मध्यरात्री रजई घेऊन गच्चीवर जातो, हे काय त्यांना दिसत नसेल? तिथे गुपित ठेवणं म्हणजे तिघांना मूर्ख समजणं. त्यापेक्षा एकाला विश्वासात घे, बाकीचे दोघं त्याच्याकडून शांतपणे कळून घेतील आणि न कळल्यासारखं करतील. तसंच झालं.

क्लासचं प्रकरण खरं होतं. तिसऱ्या भागात तो एका क्लासवर घसरला होता. एकाच यशस्वी उमेदवाराचा फोटो तीन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर कसा येतो, याची ती गोष्ट. नाव घेतलं नव्हतं, पण वर्णन असं की पेठेतल्या कुणालाही क्लास कळावा. मी त्याला सांगितलं की टोपणनाव ही कायद्यापुढची ढाल नव्हे. बदनामीचं कलम, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६वं, बिननावी बोलणाऱ्यालाही लागतं. आणि २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे अधिकृत तपास यंत्रणेचा रीतसर लेखी आदेश आला, तर कंपनीला तिच्याकडे असलेली माहिती ७२ तासांत द्यावी लागते. पोलिसांना तू सापडणारच. तुला लपायचंय ते फ्लेक्स लावणाऱ्या सरांच्या रागापासून. मग तो भाग आम्ही बदलला. एका क्लासचं वर्णन काढलं आणि त्या जागी नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल काढलेली मार्गदर्शक तत्त्वं सांगितली: यशस्वी उमेदवाराचं नाव-फोटो वापरायचा तर निवडीनंतर त्याची लेखी संमती हवी. राग कमी झाला, माहिती वाढली. श्रोत्यांना तो बदल आवडला नाही, हेही सांगते. शिव्या काढल्या की पॉडकास्ट मिळमिळीत होतो, असं दोघातिघांनी कळवलं.

"उद्याचा मी" हे नाव मला फार शहाणपणाचं वाटलं. समजा पोस्ट निघालीच, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होणार, आणि आयोगाच्या कारभारावर आज काढलेले उद्गार उद्याच्या साहेबाच्या मागे फिरणार. या अडचणीला आपल्याकडे जुनी परंपरा आहे म्हणा. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि १८४८पासून 'प्रभाकर'मध्ये ब्राह्मणांवर, रूढींवर जी पत्रं लिहिली ती 'लोकहितवादी' या सहीने. १८८५मध्ये रखमाबाईंची पत्रं इंग्रजी वर्तमानपत्रात आली ती 'एक हिंदू स्त्री' अशा सहीची. आपलं म्हणणं आधी वाचलं जावं, आपण कोण ते मागाहून बघा, ही दोघांचीही गरज होती. तो म्हणाला, "ताई, लोकहितवादी दोन मार्काला येतात."

राहिलं घर. त्याबद्दल तो एवढंच बोलला: "घरी कळू नये." मी खोदून विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

फाइलीच बोलत होत्या

आवाजाला हात लावण्याआधी त्याचा सगळा पसारा तपासला. मला दोन तास पुरले, म्हणजे रिकामटेकड्या चौकस माणसाला एक दुपार पुरली असती.

पॉडकास्ट म्हणजे शेवटी एक आरएसएस फीड, ॲपं जिच्यावरून नवे भाग उचलतात ती यादी. साधी मजकुराची फाइल, ब्राउझरमध्ये कुणीही उघडून वाचावी. तिच्यात मालकाचं नाव आणि ईमेल यांना जागा असते. शो तुमचाच आहे याची खात्री करायला स्पॉटिफायसारख्या सेवा त्याच पत्त्यावर कोड पाठवतात. याच्या फीडमध्ये त्याचा नेहमीचा ईमेल होता, म्हणजे नाव, आडनाव आणि जन्मसाल. शोचं नाव 'अनामिक' छापाचं आणि त्याच्याखाली पत्रिकाच मांडलेली. अनेक होस्टिंग सेवांत हा पत्ता झाकायची सोय असते, फक्त ती शोधून चालू करावी लागते. आम्ही नवा ईमेल काढला, फीडमध्ये बदलला आणि आठवडाभराने वेगवेगळ्या ॲपांत जाऊन जुना कुठे रेंगाळतोय का ते पाहिलं.

फाइलींची नावं. आयफोनच्या व्हॉइस मेमोमध्ये रेकॉर्डिंगला ठिकाणावरून नाव देण्याची सोय असते आणि याच्या फोनवर ती चालू होती. 'शास्त्री रोड', 'शास्त्री रोड २', 'शास्त्री रोड ३'. काही सेवा अपलोड केलेल्या फाइलीचं मूळ नाव दुव्यात तसंच ठेवतात. शिवाय ध्वनिफाइलीच्या आत शीर्षक, कलाकार, कोणत्या सॉफ्टवेअरने बनवली असली माहिती चिकटलेली असते. ती पुसायला ऑडॅसिटीसारखं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

मुखपृष्ठाचा फोटो त्याने टाकीच्या कठड्यावरून काढला होता. संध्याकाळचं आकाश, तारा, कबुतरं आणि कोपऱ्यात एका क्लासचा अर्धा फ्लेक्स. तो फोटो ज्या गुगल ड्राइव्हच्या दुव्यावरून त्याने एका चित्रकार मित्राला पाठवला होता, तिथे मालक म्हणून याचं पूर्ण नाव दिसत होतं आणि मूळ फोटोत अक्षांश-रेखांशही होते. फोटो गेला, एका टेबललॅम्पचं रेखाटन आलं.

सगळ्यात गंमत इन्स्टाग्रामची. पान त्याने स्वतःच्या नंबरवरून उघडलं होतं आणि संपर्कयादी जोडायला 'हो' म्हटलं होतं. असं केलं की ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे त्यांना तुमचं पान सुचवलं जाऊ शकतं. त्याला वाटत होतं पहिले दहा-बारा फॉलोअर म्हणजे रसिक श्रोते. बघतो तर तिसऱ्या नंबरला मेसचे काका.

दुसरं सिमकार्ड घेतलं. तेही ओळखपत्र दाखवूनच मिळतं, त्यामुळे सरकारला ते कुणाचं हे माहीत असतंच. पण ट्रूकॉलरवर त्या नंबराला नाव नाही आणि काकांच्या फोनमध्ये तो नाही. आपल्याला तेवढंच हवं होतं.

आवाज

आवाज खाली-वर करणं सोपं आहे, म्हणूनच कुचकामी. चार सुरांनी खाली उतरवलेला आवाज ज्याच्याकडे ऑडॅसिटी आहे तो चार सुरांनी वर चढवून ऐकतो. नेमके किती सूर हे माहीत नसलं तरी दहा मिनिटं चाळा केला की माणसासारखा आवाज लागतोच. पट्टी बदलते, पण बोलण्याचा वेग, श्वास घ्यायच्या जागा, शब्द गिळायची सवय हे सगळं तसंच राहतं. पट्टीबरोबर स्वरांची घडणही बदलली आणि ती प्रत्येक भागात थोडी वेगळी ठेवली, तर अनोळखी माणूस चकतो. आम्ही तेच केलं. यंत्राकडून वाचून घेण्याचा प्रयोगही झाला. ऐकून तो म्हणाला, "सातबारा वाचायलाय असं वाटतंय." खरं होतं. त्या पॉडकास्टमध्ये जे होतं ते त्याच्या अडखळण्यातच होतं.

इथे त्याने कुठेतरी वाचलेली एक शंका काढली. रेकॉर्डिंगमध्ये विजेची बारीक गुणगुण उतरते, तिच्यावरून म्हणे रेकॉर्डिंग कुठलं ते शोधता येतं. तंत्र खरं आहे, न्यायवैद्यक तपासात वापरतात. वीजजाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास सतत किंचित हलत असते, आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ हा तिचा नेमून दिलेला पट्टा. त्या हलण्याची नोंद आणि रेकॉर्डिंगमधली गुणगुण जुळवली की रेकॉर्डिंग केव्हाचं ते सांगता येतं. पण दक्षिणेचं जाळं ३१ डिसेंबर २०१३ रोजी बाकी देशाशी जोडलं गेल्यापासून भारतभर एकच वारंवारता आहे. नवी पेठेतल्या टाकीची गुणगुण आणि गुवाहाटीतल्या पंख्याची गुणगुण एकच. म्हणजे फार तर वेळ कळेल. आणि मुळात तुझ्यासाठी एवढा खटाटोप करणार कोण? मेसचे काका?

कान लावून ऐकायचं होतं ते मागच्या आवाजांकडे. दुसऱ्या भागात लांबून ढोलपथकाचा सराव ऐकू येत होता. तो काढायला निघाला, मी थांबवलं. त्यावरून पुणं कळतं आणि पावसाळा कळतो, बस. पुणं लपवायचं नव्हतंच. चौथ्या भागात मात्र सातव्या मिनिटाला, खालच्या मजल्यावरून, अभ्यासिकेच्या रखवालदाराची हाक होती: "चला रेऽऽ, लाइट घालवतोय." ती हाक त्या अभ्यासिकेतली शंभर पोरं रोज रात्री ऐकतात. इतरांना तो निव्वळ गोंगाट, त्या शंभरांना तो पत्ता. तीन सेकंद कापले.

बेरीज

या प्रकरणातून मी काही नवं शिकले असेन तर ते इथे. तो प्रत्येक भागात स्वतःबद्दल एखादी निरुपद्रवी गोष्ट सांगत होता. पहिल्यात जिल्ह्याचा उल्लेख. दुसऱ्यात कृषी पदवी. तिसऱ्यात "दोनदा मुख्यपर्यंत गेलो". पाचव्यात मुलाखतीची गोष्ट, तीही वर्षासकट. एकेक घेतली तर हजारो पोरांना लागू. एकत्र केल्या तर?

आयोगाच्या निकालाच्या याद्या सार्वजनिक असतात. मुलाखतीपर्यंत गेलेल्यांची यादी मुळात आटोपशीर. मी त्याच्यासमोर लॅपटॉपवर ती उघडली आणि आडनावांवरून, प्रवर्गावरून चाळायला लागले. तो पाहत होता. मला एकाही नावावर बोट ठेवावं लागलं नाही, त्यानेच लॅपटॉप मिटला. अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथले ८७ टक्के लोक एकेकटे ओळखू येऊ शकतात. आमच्या यादीत जन्मतारखेचीही गरज पडली नाही.

मग एक वही केली. प्रत्येक भागात स्वतःबद्दल काय सांगितलं ते तारखेनिशी लिहायचं, आणि नवं काही सांगण्याआधी जुन्याशी बेरीज करून पाहायची. जिल्हा बदलला. पदवी गाळली. मुलाखतीचं वर्ष काढलं. मुलाखत ठेवली, कारण ती काढली तर गोष्टच मेली असती. त्याने खोटं सांगायला आधी नकार दिला होता. "ऐकणारे विश्वासानं ऐकतात, ताई." शेवटी पुढच्याच भागापासून सुरुवातीला एक वाक्य आलं की गावं, वर्षं, ठिकाणं बदललेली आहेत, घडलेलं तेवढं घडलेलं आहे. तेवढ्यावर तो राजी झाला.

दुसऱ्यांच्या गोष्टींचा हिशेब याहून अवघड. सहाव्या भागात एका मुलीची गोष्ट होती, जिने लग्न ठरल्यावर परीक्षा सोडली. तिने परवानगी दिली होती. पण तिच्या गोष्टीत तिची मैत्रीण होती, भावी सासरे होते, त्यांच्या परवानगीचं काय? आम्ही तिला कच्चा भाग ऐकवला. तिने सासऱ्यांचा व्यवसाय बदलायला सांगितला आणि स्वतःचा एक हुंदका ठेवायला सांगितला. मी तो काढणार होते.

शिवाय भाग प्रसिद्ध करायची वेळ. हा दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने टाकायचा, आणि परीक्षेच्या आठवड्यात शांत. हे वेळापत्रकही एक प्रकारची सहीच झाली. तेव्हापासून भाग आधीच चढवून ठेवतो, मंगळवारी सकाळी आपोआप येतो. परीक्षेच्या दिवशीसुद्धा.

फोनपेचा दिवस

दोन महिने बरे गेले. मग एक दिवस श्रोत्यांनी "आम्हाला काही द्यायचंय" म्हटलं आणि याने मला न विचारता भागाच्या वर्णनात यूपीआय आयडी टाकला. मेसचे पैसे थकले होते, मी दोष देत नाही.

यूपीआय आयडी कुठल्याही ॲपमध्ये घातला की पैसे पाठवायच्या आधीच समोर नाव येतं. २०२५च्या मध्यापासून तर बँकेत नोंदलेलं नावच दाखवलं पाहिजे, असा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे, फसवणुकीला त्याने आळा बसतो. तासाभरात त्याला संदेश आला. पहिलं नाव, पुढे "भाऊ", पुढे हात जोडलेले. पाठवणारा भला माणूस होता, त्याने लिहिलं होतं, "आयडी काढून टाका, नाव दिसतंय." काढला. पण त्या तासाभरात किती जणांनी पाहिलं, ते कळायला मार्ग नाही.

पैशाचा प्रश्न तसाच राहिला, आणि माझ्या मते तो सुटत नाही. पुढे एका टेस्ट सिरीजवाल्याने प्रायोजकत्व देऊ केलं, तर त्यांना बिल हवं, पॅन हवा, ठरावीक रकमेपुढे टीडीएस कापायचा. पैसा आला की नाव आलं. माझ्या बिलावर घेऊ का, असंही मी म्हणून पाहिलं. मग ते उत्पन्न माझं होतं आणि कर माझ्या डोक्यावर. हसलो आणि सोडून दिलं. टेस्ट सिरीजवाल्यांच्या पैशावर टेस्ट सिरीजबद्दल तो काय बोलला असता, हाही प्रश्न होताच.

बहीण

आमची सगळी तटबंदी परक्यांसाठी होती. ओळखणारी निघाली ती त्याची धाकटी बहीण.

ती गावी पोलीस भरतीची तयारी करते. भरतीच्या ग्रुपवर कुणीतरी भाग टाकला, तिने पहाटे पळायला जाताना कानात घातला. पट्टी बदललेली, जिल्हा बदललेला, पदवी गाळलेली. घरून फोन आला तेव्हा हा अभ्यासिकेच्या जिन्यात होता.

"दादा, ते तू बोलायलास ना?"

"कोण? काय?"

"आवाज कुण्या भुताचा लावलायस? पण 'पेरणी झाली की आभाळाकडं बघायचं नसतं, बांधाकडं बघायचं' हे बाबांशिवाय कोण म्हणतंय?"

त्यांच्या वडिलांचं ते वाक्य. घरात इतकं घासलेलं की याला ते आपलं वाटेनासंच झालं होतं, म्हण असल्यासारखं तोंडात आलेलं. मी तो भाग तीनदा ऐकला होता. मला ती म्हणच वाटली. 'करायलोय', 'म्हणायलोय' मी वेचून काढत होते, कारण ते माझ्या पुणेरी कानाला टोचत होते. पण त्यावरून कळतो तो मराठवाडा, आणि मराठवाडा मोठा आहे. ज्याच्यावरून एकच घर कळतं ते मला ऐकूच येणार नव्हतं.

जे. के. रोलिंग यांनी रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने लिहिलेली कादंबरी २०१३मध्ये उघडकीस आली, तेव्हा संगणकाने शैली जुळवल्याची बरीच चर्चा झाली. संगणकाने जुळवलं हे खरं. पण जुळवायला घेतलं ते कुजबुज बाहेर आल्यावर, आणि कुजबुज सुरू झाली होती ती त्यांच्याच वकिली फर्ममधल्या एका भागीदाराने बायकोच्या मैत्रिणीला सांगितल्यामुळे. हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरी मी वीजजाळ्याच्या गुणगुणीवर व्याख्यान देत बसले.

बहिणीचा पुढचा प्रश्न खरा होता. "यंदा फॉर्म भरला नाहीस का?"

सातव्या भागात, बोलण्याच्या ओघात, "यावर्षी पहिल्यांदा फॉर्मची तारीख जाऊ दिली" असं एक वाक्य होतं. तेवढंच. घरी कळू नये म्हणजे काय कळू नये, ते मला तेव्हा समजलं. पॉडकास्ट करतो याचं त्याला घरी काही वाटणार नव्हतं. त्याने तयारी जवळजवळ सोडली होती, सकाळी एका अभ्यासिकेच्या काउंटरवर अर्धवेळ बसत होता आणि घरून अजून महिन्याचे पैसे येत होते. ते वाक्य आवाजाच्या कितीही पट्ट्या बदलून झाकलं जाणारं नव्हतं, कारण ते त्याने स्वतःच म्हटलं होतं. मी पहिल्या दिवशी "कुणापासून" विचारलं. "काय" विचारलं नाही. वहीत त्याच्याबद्दलचे सगळे तपशील होते, हा नव्हता, कारण हा त्याने मलाही सांगितला नव्हता.

तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तो सांगत की बहिणीला तिसऱ्या भागापासूनच माहीत होतं. दोन महिने ती गप्प होती. फॉर्मचं वाक्य आलं म्हणून फोन केला.

सध्या

सातवा भाग मागे घेतला नाही. ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडे तो राहणारच, आणि अचानक गायब झालेला भाग लोक जास्त शोधतात. त्या वाक्याजागी दुसरं घालून फाइल बदलली, गाजावाजा न करता. घरून येणारे पैसे त्याने बंद करायला सांगितले, कारण "काम मिळालंय" असं दिलं. ते खरंच आहे.

कामाची पद्धत मात्र बदलली. कच्चा भाग आता माझ्याआधी बहिणीकडे जातो. ती पळून आल्यावर ऐकते आणि मिनिट-सेकंद लिहून पाठवते. "४:१२ हे आईचं." "६:५० खोकलास, तो आपल्याकडचाच खोकला." "९:०५ मामाच्या ट्रॅक्टरची गोष्ट, सगळ्या गावाला ठाऊक." मी इतकी वर्षं हे काम करते, पण असा संपादक पाहिला नाही. जे ती काढायला सांगते त्याचा मला कधीच संशय आलेला नसतो.

रूमवरच्यांपैकी एकाची पोस्ट निघाली, तो गेला. नवा मुलगा आला आहे. त्याने पहिल्याच आठवड्यात याला विचारलं, तो पॉडकास्ट ऐकतोस का, भारी आहे. हा म्हणाला, वेळ कुठे असतो.

परवाच्या भागावर बहिणीच्या तीन खुणा होत्या. दोन त्याने मुकाट काढल्या. तिसरी अशी होती: "८:१० बाबांचं बांधाचं वाक्य परत आलंय. काढ." त्याखाली त्याने लिहिलं, "राहू दे." आणि मला वेगळा निरोप पाठवला की या भागाचा आवाज बदलायचा का, ते अजून ठरत नाही, गुरुवारपर्यंत सांगतो. फाइल माझ्याकडे तशीच पडून आहे, मूळ आवाजात.